नगरची विद्यार्थिनी, हडपसरची रुग्णसेविका : सावित्रीमाई

सावित्रीमाई फुले म्हटले की भिडेवाडा आठवतो, अंगावर झेललेले शेण-दगड आठवतात. पण शिक्षिका होण्याआधी माई विद्यार्थिनी होत्या आणि त्यांच्या शिक्षणाचा एक टप्पा आपल्या नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, पार पडला. आयुष्याच्या अखेरीस त्या रुग्णसेविका होत्या. यंदा नर्सिंगला प्रवेश घेऊन पहिल्याच सत्रात पुस्तकांच्या ओझ्याने घाबरलेल्या आपल्या लेकींनी ही दोन टोके जोडून पाहावीत, म्हणून हा लेख.

3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात माईंचा जन्म झाला. 1840 मध्ये जोतिरावांशी लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना शिकवले, पुढे सखाराम परांजपे आणि केशव भवाळकर या मित्रांनी मदत केली. त्यानंतर शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी माई नगरला मिस सिंथिया फॅरार यांच्या संस्थेत आल्या. अमेरिकन मिशनच्या फॅरारबाई नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. पुण्यातील नॉर्मल स्कूलमध्येही माईंनी प्रशिक्षण घेतले. म्हणजे आधी अक्षर, मग विषय, मग शिकवण्याची कला. पायऱ्या एकामागून एक होत्या, आणि घरची कामे व समाजाचे टोमणे सोबतीला होतेच.

1848 मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. 1849 मध्ये या कामापायी नवरा-बायकोला घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी आसरा दिला. 1851 संपेपर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा उभ्या होत्या. हा भार माईंनी एकटीने उचलला, असे समजणे चुकीचे ठरेल. 1856 मध्ये आजारपणामुळे त्या नायगावी माहेरी होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे फातिमा शेख यांच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, अशा अर्थाचा मजकूर आहे. भार वाटून घेणारी मैत्रीण आणि आजारी पडल्यावर घेतलेली विश्रांती, दोन्ही गोष्टी माईंच्या चरित्रात आहेत. आपण मात्र त्या सोडून फक्त त्याग सांगतो.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट. 1854 च्या 'काव्यफुले' या संग्रहात माईंनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला आहे. मराठी माध्यमातून येऊन शरीरशास्त्राच्या इंग्रजी संज्ञांशी झगडणाऱ्या मुलीने हे लक्षात ठेवावे.

1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तिथे होत. अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा, मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. 1890 मध्ये जोतिराव गेले. माईंनी स्वतः टिटवे धरले आणि सत्यशोधक समाजाचे काम पुढे नेले.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग दिसला आणि लवकरच तो पुण्यात पोहोचला. डॉ. यशवंत तेव्हा नगरला लष्करी नोकरीत होते. माईंनी त्यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ सासाने माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच 66 वर्षांच्या माई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. 1905 मध्ये डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

आता विज्ञानाकडे पाहू. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये स्वतःला टोचून घेतली. उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो, हे सायमंड यांनी कराचीत दाखवले ते 1898 मध्ये, माई गेल्यानंतर. आज बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रातील मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग-नियंत्रण शिकते. माईंच्या काळी हे ज्ञान नुकते कुठे आकाराला येत होते.

म्हणून पहिल्या वर्षाचे विज्ञान हा नर्सिंगच्या वाटेतला धोंडा समजू नका. प्लेगचा एकच रुग्ण डोळ्यांसमोर आणा. जांघेत किंवा काखेत गाठ का येते? ते शरीररचनाशास्त्र. ताप चढला की नाडी का धावते? ते शरीरक्रियाशास्त्र. अंगातले पाणी आणि क्षार कमी झाले तर काय होते? ते जीवरसायनशास्त्र. त्याला खायला काय द्यायचे? ते आहारशास्त्र. आपल्याला लागण कशी होऊ द्यायची नाही? ते सूक्ष्मजीवशास्त्र. पाच पुस्तके वेगवेगळी पाठ करत बसले तर रात्र पुरत नाही. वॉर्डात दिवसा पाहिलेला एक रुग्ण धरून रात्री ती पाने उघडली तर विषय एकमेकांना धरून राहतात. एक विषय राहिलाच, तर पायरी पुन्हा चढायची असते, जिना सोडायचा नसतो.

कार्यकर्त्यांनाही एक विनंती. 3 जानेवारीला माईंच्या प्रतिमेला हार घालताच आपण. त्याच विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी नर्सिंगच्या मुलींना बसायला जागा, उजेड आणि शिकवायला वस्तीतलीच एखादी कामावर असलेली नर्सताई मिळवून द्या. राहुरी असो, शेवगाव असो की श्रीरामपूर, एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे. माईंना फातिमाबी मिळाल्या होत्या. आपल्या पोरींना कोण मिळणार, ते आपल्यावर आहे.

जय सावित्री! जय भीम!