मेजावरचे कापड

पोलंडातील क्राकोव नगरीत सोळाव्या शतकात मोशे इस्सेर्लेस हे थोर यहुदी पंडित होऊन गेले. योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’, म्हणजे ‘मांडलेले मेज’, हा धर्मनियमांचा ग्रंथ १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. पण त्याचा कल स्पेनकडील रीतींकडे होता. मोशेंनी वेगळी चूल मांडली नाही. त्याच ग्रंथाला पोलंड-जर्मनीकडील प्रथांच्या टिपा जोडून त्यांना मेजावरचे कापड म्हटले. क्षमायाचनेच्या प्रार्थना कारोंनी एलूल महिन्याच्या आरंभापासून सांगितल्या. मोशेंनी नववर्षाआधीच्या रविवारापासूनची आपली प्रथा शेजारी नोंदवली. १५७२ साली ते वारले. दोन्ही प्रथा आजही चालतात, ग्रंथ मात्र एकच. घरच्या रीतींवरून वाद झाल्यास आम्ही हे कापड आठवावे.