विश्लेषण : डोंगराचा वारा अंगावर घेणारे ओटो लिलिएन्थाल कोण होते?

इंजिन नाही, पंखा नाही, तरीही रिमोटवर चालणारे छोटे ग्लायडर डोंगराच्या उतारावर बराच वेळ तरंगत राहते. हाच वारा १३० वर्षांपूर्वी जर्मन अभियंते ओटो लिलिएन्थाल यांनी स्वतः पंख बांधून आजमावला. त्यांनी सुमारे दोन हजार उड्डाणे केली आणि त्यातच त्यांचा जीव गेला.

ग्लायडर डोंगरावर का तरंगते?

वाहता वारा डोंगराला धडकला की उतारालगत वर चढतो. ग्लायडर हवेतून सतत थोडे थोडे खाली येत असते. पण वारा त्याहून जास्त वेगाने वर चढत असेल, तर ते खाली येत नाही. धरणगावच्या उत्तरेला तापीपलीकडे सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. अशा डोंगरकड्यांवर घारी पंख न हलवता फिरतात, त्या याच वाऱ्यावर. लोणावळ्याजवळ कामशेतला पॅराग्लायडरही त्याचाच आधार घेतात. मात्र वारा समोरून येतो तोच उतार कामाचा. डोंगरामागे तोच वारा गोते खात खाली येतो आणि तेथे ग्लायडर पडण्याची भीती असते.

लिलिएन्थाल यांनी काय केले?

त्यांचा जन्म २३ मे १८४८ रोजी जर्मनीतील आंक्लाम येथे झाला. लहानपणी ते भाऊ गुस्ताव यांच्यासोबत करकोचे कसे उडतात हे पाहत. पुढे बर्लिनमध्ये त्यांनी बॉयलर आणि वाफेच्या इंजिनांचा कारखाना काढला. पण पक्ष्यांचा अभ्यास सुटला नाही. पंखाला बाक दिला तर हवेचा आधार वाढतो, हे त्यांनी मोजून दाखवले. १८८९ मध्ये हे निष्कर्ष त्यांनी पुस्तकात मांडले.

१८९१ मध्ये त्यांनी पहिल्यांदा सुमारे २५ मीटरचे अंतर कापले. पुढे ऱ्हिनोच्या टेकड्यांवरून ते २५० मीटरपर्यंत गेले. १८९४ मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे त्यांनी १५ मीटर उंचीची मातीची टेकडी उभारली. ती सगळीकडून सारखी उतरती होती. त्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याच्या समोर तोंड करून उडी घेता येई. जोराच्या वाऱ्यात ते कधी उडी घेतलेल्या जागेपेक्षाही उंच जात, तर कधी क्षणभर हवेत एकाच जागी थांबत.

मग चूक कुठे राहिली?

त्यांचे ग्लायडर विलोच्या काड्या आणि सुती कापडाचे होते. दिशा बदलायची तर शरीर पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे झुकवायचे, एवढाच उपाय होता. अचानक झोत आला तर तो अपुरा पडे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्टोलन गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर त्यांचे ग्लायडर हवेत थबकले आणि सुमारे १५ मीटरवरून कोसळले. त्यांच्या पाठीचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे काय बदलले?

या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतील राइट बंधूंचे लक्ष उड्डाणाकडे वळले. शरीर झुकवून भागणार नाही, पंखच वळवता आले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. २४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑर्व्हिल राइट यांनी किल डेव्हिल टेकडीवर इंजिनाविना ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहून दाखवले.

आज त्याचा उपयोग काय?

रिमोटवरच्या ग्लायडरमध्ये पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा छोट्या मोटरने हलतात. जे लिलिएन्थाल अंगाचा भार टाकून करत, ते आता अंगठ्याने होते. चूक झाली तर तुटतो तो फोमचा सांगाडा. वारा समोरून घ्यायचा आणि वेग फार कमी होऊ द्यायचा नाही, हे दोन नियम मात्र तेच आहेत. ग्लायडर हवेत थबकले की ते आजही कोसळतेच.