गुलिएल्मो मार्कोनी
गुलिएल्मो मार्कोनी (२५ एप्रिल १८७४, बोलोन्या – २० जुलै १९३७, रोम) हे बिनतारी संदेशवहनाचे इटालियन प्रवर्तक व १९०९ च्या भौतिकशास्त्र नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी होते. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्डूहून निघालेला संकेत न्यूफाउंडलंडमध्ये केवळ कानाने ऐकला गेला. यंत्रनोंद नसल्याने अनेकांनी तो मानला नाही, आणि ती शंका रास्तच होती. म्हणून फेब्रुवारी १९०२ मध्ये 'फिलाडेल्फिया' जहाजावर त्यांनी संकेत कागदी फितीवर उमटवून घेतले. रात्री संपूर्ण संदेश सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत मिळाले, दिवसा मात्र जेमतेम १,१०० किलोमीटरपर्यंत. त्यांच्या कंपनीच्या लघुलहरी 'बीम' पद्धतीने १९२७ मध्ये इंग्लंड–भारत सेवा सुरू झाली. तिचे प्रेषण केंद्र थेरगावापासून जवळच खडकी येथे, तर ग्रहण केंद्र दौंडला होते.