आयांचे म्हणणे ऐकणारा नेत्रतज्ज्ञ

१९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात डॉ. नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली. जन्मजात व्यंग बहुधा आनुवंशिक असते, अशी तेव्हा समजूत होती. पण इतक्या घरांत एकाच सुमारास हा दोष कसा आला, हा प्रश्न ग्रेग यांना स्वस्थ बसू देईना.

ग्रेग यांचा जन्म १८९२चा. ते क्रिकेटमध्ये न्यू साउथ वेल्सकडून खेळले. १९१५ मध्ये डॉक्टर झाल्यावर पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा करून त्यांनी मिलिटरी क्रॉस मिळवला आणि पुढे नेत्रचिकित्सेकडे वळले.

बाळांच्या आयांशी बोलताना एक धागा हाती लागला. १९४० मध्ये रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची मोठी साथ आली होती आणि बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो आजार झाला होता. ग्रेग यांनी सहकाऱ्यांकडूनही माहिती मिळवली. एकूण ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आईला रुबेला झाल्याचे आढळले. अनेक बाळांना हृदयदोषही होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मेलबर्न येथे नेत्रतज्ज्ञांपुढे मांडले.

आईला दोन-तीन दिवस ताप आणि पुरळ. तेवढ्याने बाळाला आयुष्यभराचे अपंगत्व? अनेकांना ते पटेना. मात्र ऑस्ट्रेलियातील पुढील अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला आणि बहिरेपणाचीही त्यात भर पडली. विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो आणि पहिल्या तीन महिन्यांत अवयव घडत असतानाच घाला घालतो.

१९५३ मध्ये ग्रेग यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. लस आली ती १९६९ मध्ये. त्या साथीतील मुलांचा पुढे अनेक दशके पाठपुरावा झाला. प्रौढपणी त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाणही जास्त आढळले.

भारतात गोवर-रुबेला लस ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात मोफत मिळते. ती मुलग्यांनाही द्यावी, कारण घरातील गरोदर बाईपर्यंत आजार कोणाकडूनही पोहोचू शकतो. गरोदरपणात ही लस देत नाहीत. प्रौढ स्त्रीने ती आधी घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. गरोदरपणी अंगावर पुरळ उठले, तर ते किरकोळ न समजता डॉक्टरांना दाखवावे.