पाकीट न उघडता आतलं ओळखायचं कसं? उत्तर सापडतं दा. ध. कोसंबींच्या वजनकाट्यावर

ऑफिसच्या वायफायवर तुम्ही मीटिंगमध्ये आहात की क्रिकेट बघताय, हे नेटवर्क सांभाळणाऱ्याला कळू शकतं. तुमचं बोलणं त्याला ऐकू येत नाही, स्क्रीनही दिसत नाही, कारण जवळजवळ सगळा डेटा आज एन्क्रिप्ट होऊन जातो. तरी कळतं. मी अंबरनाथ एमआयडीसीत हेच काम करतो, आणि हे कसं होतं असं कुणी विचारलं की मला इंटरनेट येण्याआधीच गेलेला एक माणूस आठवतो: दामोदर धर्मानंद कोसंबी.

गोवा, हार्वर्ड, पुणे

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. १९१८ मध्ये ते कामासाठी हार्वर्डला निघाले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला सोबत घेऊन गेले. पोरगं तिकडेच शिकलं आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन भारतात परतलं. आधी बनारस, मग अलीगढ आणि नंतर पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, अशी त्यांची गणित शिकवण्याची नोकरी चालली.

गणितासोबत त्यांना इतिहासाचं वेड होतं. आणि इथेच ती नाणी आली.

मुकी नाणी

भारतातल्या सगळ्यात जुन्या नाण्यांपैकी एक प्रकार म्हणजे आहत नाणी. चांदीचा छोटा तुकडा, त्यावर सूर्य, झाड, प्राणी असे ठसे मारलेले. राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही. तक्षशिलेला अशा नाण्यांचे साठे सापडले होते. पण कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं, ते ठरवायचं कसं?

कोसंबींनी वजनकाटा घेतला. नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनातला फरकही काळाबरोबर वाढत जातो. हे पक्कं करायला त्यांनी त्यांच्या काळात चलनात असलेली नाणीही तोलली, कारण ती कुठल्या सालची आहेत हे त्यांच्यावरच लिहिलेलं होतं. मग तीच रीत जुन्या साठ्यांना लावली. एकेक करत हजारो नाणी तोलली गेली.

यातली खरी गोम अशी की एकटं नाणं काहीच सांगत नाही. ते हलकं असेल तर जुनं असेल, किंवा मुळातच हलकं पाडलेलं असेल. पण एका ठशाची शंभर नाणी एकत्र ठेवली की सरासरी बोलायला लागते.

१९४३ चा शोधनिबंध

१९४३ मध्ये कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. त्याची कल्पना आपल्या लोकलवर समजून घेऊ. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या स्टेशनांवरच्या गर्दीचा वर्षभराचा आलेख काढला तर तो नुसता वेडावाकडा दिसेल. पण नीट पाहिलं तर त्यात दोन-तीनच मूळ आकार सापडतील: सकाळी मुंबईकडे जाणारी लाट, संध्याकाळची परतीची लाट, आणि रविवारची सुस्ती. कुठल्याही दिवसाचा आलेख म्हणजे यांचंच कमी-जास्त मिश्रण. वळणावळणाच्या कुठल्याही आलेखातून असे मूळ आकार शोधायची गणिती रीत कोसंबींनी मांडली.

पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली, आणि जगभर नाव पडलं ते त्या दोघांचं. आता काही ठिकाणी कोसंबींचं नाव त्यात जोडतात. २००४ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी याच घराण्यातली एक पद्धत इंटरनेटच्या मोठ्या नेटवर्कवर वापरली. ट्रॅफिकचे प्रवाह शेकडो, पण मूळ आकार मोजकेच, असं त्यांना दिसलं.

डेक्कन क्वीनचा प्रवासी

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू केली आणि कोसंबींना तिथे बोलावलं. घर पुण्यात, काम मुंबईत, म्हणून ते डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. ती गाडी आपल्या बदलापूर, अंबरनाथवरूनच जाते, पण थांबत नाही. १९४९ मध्ये याच लाइनीवर कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं.

गाड्या कशा सोडतात ते आपल्याला माहीत आहे. मेल आली की लोकल थांबते. हे करायला आधी कुठली गाडी कोणती ते ओळखावं लागतं, आणि निर्णय एका कंट्रोल रूममधून व्हावा लागतो. ऑफिसच्या नेटवर्कमध्येही तसंच आहे: व्हिडिओ कॉल म्हणजे मेल, मोबाइलचं अपडेट म्हणजे मालगाडी.

पूर्वी राउटर पाकिटाच्या आत डोकावून ॲप ओळखायचा. एन्क्रिप्शनने ते बंद केलं. आता उरलं वजन आणि चाल. आवाजाच्या कॉलमध्ये छोटी पाकिटं साधारण दर २० मिलिसेकंदांनी दोन्हीकडून जातात. व्हिडिओ बघताना मोठी पाकिटं झुंडीने खाली येतात, मग थोडी शांतता. यूपीआय पेमेंट म्हणजे चिमूटभर डेटा, संपलं. जोडीला पत्ता कुठला आणि सर्व्हरचं नाव काय, हे बऱ्याचदा अजून उघडं दिसतं, पण तेही आता हळूहळू झाकलं जातंय.

आता समजा एका कंपनीचा कारखाना अंबरनाथला, ऑफिस उल्हासनगरला, गोदाम बदलापूरला. बदलापूरच्या राउटरला एक अनोळखी प्रवाह दिसला. कधी कधी तर त्याला जाणारीच बाजू दिसते, येणारी दुसऱ्या मार्गाने येते. तो एकटा ओळखू शकत नाही. म्हणून सगळे राउटर आपापल्या नोंदींचा सारांश एका मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतात. तो तुकडे जुळवतो, ॲप ओळखतो आणि तो नियम सगळ्या शाखांना परत देतो. एकेक राउटर म्हणजे एकेक नाणं, आणि मधला सर्व्हर म्हणजे अख्खा साठा.

चूक झाली तर?

पण साठा बोलतो तो अंदाज असतो. कोसंबींनी लावलेल्या नाण्यांच्या क्रमावर पुढच्या नाणेतज्ज्ञांनी वाद घातलेच. मात्र त्यांची वजनं छापलेली होती, म्हणून वाद घालता आला. नेटवर्कमध्ये मधल्या सर्व्हरचा अंदाज चुकला की चुकीचा नियम एकाच वेळी सगळ्या शाखांत पोहोचतो. कुणाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू मनोरंजनाच्या खात्यात पडून अडखळतो, आणि का ते त्याला कधीच कळत नाही. म्हणून चांगल्या नेटवर्कमध्ये वर्गीकरण तपासता आणि बदलता आलं पाहिजे.

कोसंबी स्वतः वादाला घाबरणारे नव्हते. देशात अणुऊर्जेचा जोर असताना ते सौरऊर्जेच्या बाजूने बोलत राहिले. १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासावरचं मोठं पुस्तक आलं. १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात ते गेले, वय अवघं ५८. इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. २००८ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

तुमच्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: ब्राउझरमधलं कुलूप मजकूर झाकतं, चाल झाकत नाही. ऑफिसच्या वायफायवर काय वाचताय हे दिसलं नाही तरी काय करताय याचा अंदाज लागतो. खासगी कामाला स्वतःचा मोबाइल डेटा वापरा. आणि कॉल विनाकारण अडखळत असेल तर नेटवर्कवाल्याला सरळ विचारा, माझं ॲप तुम्ही कुठल्या खात्यात टाकलंय?