गंगाचा धाकटा भाऊ : नासिर खान

आपल्या तेल्हाऱ्यात दर दोन-चार वर्षांनी एखादा पोट्टा असा निघतो की चहाच्या टपरीवर सगळे म्हणतात, हा हिरो होणार. उंची आहे, केस आहेत, गॅदरिंगमध्ये डायलॉग टाकला की टाळ्या पडतात. मग तो अकोल्याहून मुंबईची गाडी पकडतो. दोन वर्षांनी ईदला घरी येतो तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही. मागून मात्र बोलणं होतंच, की वशिला नव्हता बिचाऱ्याचा, घरात कोणी मोठं असतं तर चमकला असता.

हे ऐकलं की मला मरहूम नासिर खान आठवतात. त्यांच्या तर घरातच दिलीपकुमार होते. सख्खा मोठा भाऊ.

नासिर खान यांचा जन्म 1924 चा, पेशावरचा. वडील लाला गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. पठाणी घर, मोठं कुटुंब. व्यापारापायी ते मुंबईला आले, नाशिकजवळच्या देवळालीतही राहिले. थोरला युसूफ देवळालीच्याच बार्न्स शाळेत शिकला. वडिलांना सिनेमा म्हणजे नौटंकी वाटायची. म्हणून युसूफ 1944 मध्ये 'ज्वार भाटा'त आला तो दिलीपकुमार हे नाव घेऊन. पुढच्याच वर्षी नितीन बोस यांच्या 'मजदूर'मध्ये नासिर आले. त्यांनी मात्र नाव बदललं नाही. आहे तेच ठेवलं.

आता 1947 सालाकडे जरा नीट पाहा. त्या वर्षी दिलीपकुमार यांचा 'जुगनू' तुफान चालला. तो त्यांचा पहिला मोठा हिट. आणि 15 ऑगस्टला, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, नासिर खान यांचा 'शहनाई' लागला. तोही गाजला. आपल्या मराठी सी. रामचंद्रांचं संगीत, आणि त्यातलं रविवारी भेटायला बोलावणारं ते मजेदार गाणं तर आजही लग्नाच्या बँडवर ऐकू येतं. म्हणजे त्या साली दोघे भाऊ जवळपास बरोबरीने उभे होते. तेव्हा पैज लावायची असती तर कोणावर लावली असती, सांगता येत नाही.

मग फाळणी झाली आणि नासिर खान लाहोरला गेले.

तिथे काय होतं? दंगलीत स्टुडिओ जळालेले, पैसा लावणारे शेठ आणि कलाकार इकडे निघून आलेले. अशात 1948 च्या ऑगस्टमध्ये ईदला 'तेरी याद' लागला. पाकिस्तानात तयार झालेला पहिला चित्रपट, आणि त्याचे नायक नासिर खान. इतिहासात नाव लागलं, पण चित्रपट पडला. 1949 चा 'शाहिदा'ही त्यांना तारू शकला नाही.

इकडे मुंबईत त्याच दोन वर्षांत सगळी मांडामांड झाली. 'शहीद', 'मेला', 'अंदाज', 'बरसात'. दिलीप, राज यांच्या खुर्च्या पक्क्या झाल्या आणि देव आनंदही मागोमाग आलेच. माझ्या मते नासिर खान यांच्या आयुष्याची गाठ इथेच आहे. कला कमी पडली असं मी म्हणणार नाही. पेरणीचे पंधरा दिवस हुकले की पुढे कितीही पाणी द्या, पीक मागेच राहतं. हे वऱ्हाडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

ते परत आले, आणि आल्या आल्या 1951 मध्ये 'नगीना' हिट झाला. नूतन त्यात नायिका. वय इतकं कमी की प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालेला हा स्वतःचाच चित्रपट तिला थिएटरात बघता येत नव्हता. त्यानंतर नासिर खान यांना कामांची कमी नव्हती. मधुबालासोबत 'खजाना', ओ. पी. नय्यर यांचा पहिला चित्रपट 'आसमान', कमाल अमरोही यांचा 'दायरा', त्यात मीनाकुमारी. नावं बघा, एकापेक्षा एक. पण 'दायरा' चालला नाही, 'आसमान' चालला नाही. आणि दुसरी अडचण चेहऱ्याची. तोच नाक-डोळा, कपाळावर तीच बट. निर्मात्याला दिलीपकुमार परवडला तर तो दिलीपकुमारच घेणार. नाही परवडला तर नासिर. पण तसल्या निवडीतून कुणाचं स्वतःचं नाव उभं राहत नाही. पन्नाशीचं दशक संपता संपता कामं आटली.

1961 मध्ये भावानेच घरच्या बॅनरखाली 'गंगा जमना' काढला. गंगा दिलीपकुमार, जमना नासिर खान. थोरला गावात राबून धाकट्याला शिकवतो, डाकू होतो, आणि पोलिसात गेलेला धाकटा शेवटी त्यालाच गोळी घालतो. गंगाच्या तोंडी पूरबी बोली, मातीचा वास असलेली. जमनाच्या वाट्याला इस्त्रीचा युनिफॉर्म आणि सरळ हिंदी. तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा जमनाकडे थोडं लक्ष द्या. कर्तव्य आणि भाऊ यांत अडकलेला माणूस त्यांनी आवाज न चढवता उभा केलाय. पण लोक बाहेर पडले ते गंगाची नक्कल करत.

1958 मध्ये त्यांनी बेगम पारा यांच्याशी निकाह केला होता. त्याही चाळीसच्या दशकातल्या गाजलेल्या नायिका. मुलगा अयूब खान पुढे अभिनेता झाला.

'यादों की बारात' (1973) तर तुम्ही टीव्हीवर दहादा पाहिला असेल. सुरुवातीलाच अजित ज्याचा खून करतो, त्या तिन्ही भावांचा बाप, ते नासिर खान. पुढे तीन तास सगळे त्याचाच बदला घेत फिरतात, पण तो नट कोण हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

मे 1974 मध्ये 'जिद' नावाच्या चित्रपटासाठी जागा बघायला ते पंजाबात गेले होते. तिथेच अमृतसरला त्यांचा इंतकाल झाला. वय पन्नास. लाहोर तिथून पन्नासेक किलोमीटरवर. 'जिद' झालाच नाही. पुढच्या वर्षी बेगम पारा पाकिस्तानला गेल्या, आणि दोन वर्षांनी त्याही परत मुंबईला आल्या.