परमुलखातील मावशी : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या जीवनातील एक दुर्लक्षित पान



डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. परदेशात जाऊन वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणारी पहिली मराठी स्त्री एवढी त्यांची ओळख आपल्या स्मरणात असते. परंतु सातासमुद्रापार, अनोळखी लोकांत, भाषा, अन्न, वस्त्र, हवा सारेच परके असताना ही अठरा वर्षांची मुलगी तिथे टिकली कशी, तिला कोणी सावरले आणि तो आधार नेमका कुठे अपुरा पडला, याचा विचार आपण सहसा करत नाही. आज तो करण्यास सबळ कारण आहे. आपल्या मावळातून, औंढ्या-लोणावळ्यासारख्या गावांतूनही मुले-मुली उच्च शिक्षणासाठी आधी पुण्याला आणि तिथून परदेशी जाण्याची स्वप्ने पाहू लागली आहेत. आईवडिलांच्या मनात एकाच वेळी अभिमानही असतो आणि धास्तीही. तेथे हलाल अन्न मिळेल काय, नमाजला जागा मिळेल काय, मुलीच्या पोशाखाकडे लोक कसे पाहतील, आजारी पडल्यास पाणी कोण देईल, हे प्रश्न घरोघरी विचारले जातात. हेच प्रश्न वेगळ्या धर्माच्या, पण आपल्याच मातीतल्या एका घरात सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी विचारले गेले होते.

दहा दिवसांचे मूल

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई कल्याणच्या जोशी घराण्यातील. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, बिजवर होते आणि पत्नीपेक्षा वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे हा त्यांचा आग्रह इतका तीव्र होता की, पुष्कळदा तो कठोरपणाच्या सीमेपलीकडे जाई. त्यांच्या बदल्यांमागून आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा ठिकाणी गेल्या आणि जिथे जातील तिथे शिकत राहिल्या.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत आणि ते बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या काळी पुरुष वैद्यासमोर जाण्यास स्त्रिया धजत नसत आणि स्त्री वैद्य जवळपास नव्हतीच. लाजेपोटी व रूढीपोटी किती माता आणि किती अर्भके मृत्युमुखी पडत असतील, याची जाणीव त्या कोवळ्या आईला आपल्या दुःखातून झाली आणि आपण वैद्यकशास्त्र शिकायचे, हा निश्चय तिथे रुजला. वाचकहो, हे दुःख आपल्या घरांनाही नवीन नाही. पडद्याची मर्यादा पाळणाऱ्या आपल्या माताभगिनींना आजही स्त्री डॉक्टर हवी असते. ती घडवण्यासाठी कोणाच्या तरी मुलीला घराबाहेर पडून वर्षानुवर्षे शिकावे लागते, हे मात्र आपण विसरतो.

एक अट आणि एक पत्र

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याकडे मदतीची विनंती केली. त्यांचे नाव रॉयल वाइल्डर. पूर्वी कोल्हापुरात काम केलेले हे गृहस्थ अमेरिकेत एक मिशनरी मासिक चालवत. साहाय्याच्या बदल्यात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अपेक्षा व्यक्त केली. जोशी दांपत्याने ती मान्य केली नाही. हा पत्रव्यवहार त्या मासिकात छापला गेला आणि प्रकरण तिथेच संपल्यासारखे झाले.

पुढे १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेल्या मासिकात त्यांनी हा पत्रव्यवहार वाचला. हिंदुस्थानातील एक नवरा आपल्या पत्नीला शिकवू पाहतो आणि पत्नीलाही वैद्यक शिकायचे आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि आपल्या घराचे दार उघडे असल्याचे कळवले.

त्यानंतर दोघींमध्ये पत्रे सुरू झाली. धर्म, चालीरीती, स्त्रियांची स्थिती, घरातील लहानसहान गोष्टी, सारे त्या पत्रांत येई. आनंदीबाईंची प्रकृती नाजूक होती. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा पाठ सोडत नसे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून त्यांच्यासाठी औषधे पाठवली. हळूहळू आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या दोन स्त्रियांमध्ये असे नाते जुळले आणि परदेशातील वास्तव्याची पायाभरणी बोटीत पाऊल ठेवण्याच्या तीन वर्षे आधीच झाली.

येथे क्षणभर थांबून इस्लामी इतिहासातील एक प्रसंग आठवावा. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या काही अनुयायांना हबशा देशी जाण्यास सांगितले. तेथील राजा नज्जाशी ख्रिस्ती होता. त्याने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, मक्केच्या सरदारांनी पाठवलेल्या भेटवस्तू परत केल्या आणि आश्रितांना त्यांच्या धर्मासह निर्भयपणे राहू दिले. त्यांतील काही जण दहा वर्षांहून अधिक काळ तिथे राहिले आणि आपल्या श्रद्धेसह परतले. आश्रय देणे आणि आश्रयाची किंमत म्हणून श्रद्धा मागणे, या दोन गोष्टींतील अंतर ज्याला कळले त्यालाच पाहुणचार कळला. हे अंतर वाइल्डर यांना उमगले नाही. कार्पेंटरबाईंना ते उपजतच ठाऊक होते.

फिलाडेल्फियातील दिवस

आनंदीबाई परदेशी जाणार ही वार्ता पसरताच टीकेचा भडिमार झाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांना वाटे त्यांनी बाटावे. स्वकीयांना वाटे त्या बाटणारच. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर सभेत दोघांनाही उत्तर दिले. देशाला स्त्री वैद्यांची गरज का आहे हे त्यांनी सांगितले आणि आपण हिंदू म्हणून जात आहोत व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. त्या भाषणाचा परिणाम असा झाला की, ठिकठिकाणाहून मदत येऊ लागली. खुद्द व्हाइसरॉयनेही दोनशे रुपये पाठवले. गोपाळरावांना सोबत जाणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांची वाट पाहत उभ्या होत्या.

वाचकहो, परक्या बंदरावर आपली वाट पाहणारे एक माणूस असणे म्हणजे काय, हे ज्याने एकट्याने दूरचा प्रवास केला आहे त्यालाच समजेल. उन्हाळ्याचे ते महिने आनंदीबाई रोझेलच्या घरी कुटुंबातील मुलीप्रमाणे राहिल्या. त्यांचे शाकाहारी जेवण, त्यांची नऊवारी साडी, त्यांचे आचार यांत त्या घराने ढवळाढवळ केली नाही.

शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेत दाखल झाल्या. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या जगातील आरंभीच्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी हे एक. येथील प्रमुख डीन रॅचेल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने वागवले. संस्थेने तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. दूरदेशीच्या विद्यार्थिनींचे हे महाविद्यालय स्वागत करी. ऑक्टोबर १८८५ मध्ये डीनबाईंच्या स्वागत समारंभात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या दिसतात. कोणालाही आपली ओळख दाराबाहेर ठेवून आत यावे लागले नाही.

आपुलकी होती, ऊब नव्हती

आता या कथेची दुसरी बाजू पाहू, कारण खरा धडा तिथे आहे. आनंदीबाईंना राहण्यासाठी मिळालेल्या खोलीतील शेगडीची चूल नीट चालत नसे. पेटवली तर खोली धुराने भरे, विझवली तर हाडे गोठत. कल्याणच्या दमट हवेत वाढलेल्या मुलीपुढे धूर किंवा थंडी एवढेच पर्याय उरत. नऊवारी साडीत पाय उघडे राहत आणि ऊब मिळत नसे, म्हणून पुढे त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. मर्यादा सांभाळून हवामानाशी जुळवून घेण्याचा हा शहाणा मार्ग त्यांनी स्वतःच शोधला. शाकाहार पाळताना पोटभर व पोषक मिळेलच असे नसे; अभ्यासाच्या धबडग्यात स्वयंपाकही स्वतःच करावा लागे. प्रकृती आधीच नाजूक, त्यात हे सारे. शरीर खचत गेले आणि क्षयाने त्यांना गाठले.

कोणी दुष्टपणा केला नव्हता. सारे भले होते, सहृदय होते. परंतु सदिच्छा ही एक गोष्ट आणि रोजची देखभाल ही दुसरी. शिष्यवृत्ती मंजूर करणाऱ्याला सभ्य वाटणारी खोली तिथे राहणाऱ्याला कशी वाटते, हे विचारल्यावाचून कळत नाही. आणि पाहुणा संकोचापोटी बहुधा तक्रार करत नाही. उपकाराचे ओझे त्याची जीभ धरून ठेवते. म्हणून विचारण्याची जबाबदारी यजमानाची असते.

इतके असूनही आनंदीबाईंनी अभ्यास पुरा केला. हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी निवडला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. तोवर गोपाळराव अमेरिकेत आले होते आणि पंडिता रमाबाई या समारंभासाठी मुद्दाम आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडून अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या तेव्हा स्वागत थाटात झाले, पण शरीर थकले होते. उपचारासाठी त्यांना पुण्यास आणण्यात आले. मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी तेव्हाही आपल्या बोरघाटातून, खंडाळा-लोणावळ्यावरूनच जात असे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावा वाढदिवसही त्यांना पाहता आला नाही आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात एकाही स्त्रीला तपासता आले नाही. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या. परक्या मातीतील परक्या घराण्याने आपल्या माणसांच्या शेजारी त्यांना जागा दिली. मानलेली मावशी शेवटपर्यंत मावशीच राहिली.

आपल्यासाठी बोध

या जीवनातून आपण काय घ्यावे? ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत त्यांनी पैशाची सोय करताना माणसांचीही सोय करावी. प्रवेश मिळाल्यापासून प्रस्थानापर्यंत मध्ये काही महिने असतात. त्या काळात तेथील मशिदीशी, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यालयाशी, आधी गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलणे सुरू करावे. पहिल्या दिवशी उतरवून घेणारे कोणी असावे. खोलीला ऊब आहे काय, जेवणात हलाल काय मिळते, आजारपणाचा विमा आहे काय, हे निघण्यापूर्वी विचारावे. आणि मुलाला हे जरूर सांगावे की दुखणे लपवू नये. मदत मागण्यात कमीपणा नसतो.

दुसरा बोध यजमान म्हणून आपला आहे आणि तो अधिक कठीण आहे. पुण्यात येमेन, सुदान, इराण आणि आफ्रिकेतील अनेक देशांमधून विद्यार्थी व संशोधक शिकायला येतात. त्यांना भाड्याने खोली हवी असते, पोलिसांकडे नोंदणीसाठी घरमालकाचे सहकार्य हवे असते, रिक्षावाल्याशी बोलायला चार मराठी शब्द हवे असतात. रंग, देश किंवा धर्म पाहून दार बंद करणारे आपल्यातही आहेत. जकातीच्या हक्कदारांत कुरआनने वाटसरूला स्थान दिले आहे. मदीनेत प्रेषितांनी (स.) मक्केहून आलेल्या प्रत्येक निर्वासिताला तेथील एका रहिवाशाचा भाऊ केले. मदतीला त्यांनी घर आणि माणूस नेमून दिले. ती केवळ सदिच्छेवर सोडली नाही. ही व्यवस्था आपल्या वारशाची आहे. रोझेलची एक ख्रिस्ती बाई मासिकातील चार ओळी वाचून जे करू शकली, ते आपल्या मोहल्ल्याला अशक्य नाही.

आपल्या गावात एखादा परदेशी तरुण शुक्रवारी मशिदीत शेवटच्या सफेत एकटा बसलेला दिसला, तर नमाज झाल्यावर त्याला जेवायला बोलवा. तो राहतो कुठे, तिथे थंडी वाजते काय, हेही विचारा. इल्मच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येक मुसाफिराला अल्लाह सुखरूप ठेवो, आणि आपल्या दारापर्यंत आलेल्याला ओळखण्याची दृष्टी आपल्याला देवो. आमीन.